'नाइस' : एका झिजलेल्या विशेषणाची अर्थकक्षा

१

इंग्रजी लेखनाचे धडे देणाऱ्या पुस्तकांत काही शब्द बहिष्कृत मानण्याची जुनी प्रथा आहे. 'नाइस' हे विशेषण अशा शब्दांत बहुधा अग्रभागी असते. विद्यार्थ्याच्या निबंधात ते आले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि नेमका शब्द वापरण्याचा शेरा समासात पडतो. आक्षेपाचे स्वरूपही ठरलेले आहे. हवा, चहा, शेजारी, पायमोजे, सुटी, कादंबरी अशा कोणत्याही गोष्टीला जे विशेषण लावता येते ते कोणत्याच गोष्टीचा विशेष सांगत नाही. आणि जे विशेष सांगत नाही त्याला विशेषण तरी का म्हणावे? एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्रजी शब्दप्रयोगांच्या आपल्या सुप्रसिद्ध कोशात हाच अभिप्राय दिला आणि शब्दाचे व्यक्तित्व घालवल्याचे खापर त्याने स्त्रियांच्या माथी फोडले. त्यांच्या लाडकेपणामुळे या शब्दात अस्पष्ट व सौम्य अशा सुखदपणाखेरीज काही उरले नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

वरवर पाहता हा एका परक्या भाषेतील शुद्धाशुद्धतेचा वाद आहे. तथापि त्यामागे असलेला प्रश्न कोणत्याही भाषेतील समीक्षेला टाळता येणार नाही. एखादी कलाकृती आवडल्यावर वाचक प्रथम जो शब्द उच्चारतो तो बहुधा असाच झिजलेला, सर्वत्र चालणारा शब्द असतो. त्या शब्दात काही ज्ञान असते काय? की तो केवळ सुखाचा उद्गार असतो आणि खरी समीक्षा तो टाकून दिल्यानंतरच सुरू होते? 'नाइस'चा इतिहास आणि जेन ऑस्टेन हिच्या 'नॉर्दँगर अ‍ॅबी' या कादंबरीतील त्याविषयीचा प्रसिद्ध संवाद यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येण्यासारखा आहे. या संवादाचा उल्लेख 'नाइस'च्या विरोधकांकडून वारंवार होतो. कादंबरी संपूर्ण लक्षात घेतली तर मात्र ती त्यांच्या बाजूने पूर्णपणे साक्ष देत नाही, असे दिसून येते.

२

शब्दाचा इतिहास प्रथम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. 'नाइस'चे मूळ लॅटिनमधील 'नेस्कियुस' या शब्दात आहे. 'न जाणणारा', 'अज्ञ' हा त्याचा अर्थ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला 'मूर्ख', 'भोळसट' असा अर्थ आला आणि तोच घेऊन साधारणपणे १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला. स्पॅनिश भाषेतील 'नेसिओ' हा त्याचा भाऊबंद आजही मूर्खालाच लावला जातो. इंग्रजीत मात्र पुढील चार शतकांत या शब्दाने जी वळणे घेतली ती थक्क करणारी आहेत. मूर्ख, छचोर, लाजाळू, नाजूक, चोखंदळ, काटेकोर, सूक्ष्म, क्षुल्लक असे परस्परांना छेद देणारे अर्थ तो एकाच काळात वागवीत होता. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांनाही सोळाव्या व सतराव्या शतकांतील अनेक अवतरणांत लेखकाला यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे सांगणे कठीण असल्याची कबुली द्यावी लागली.

या वळणांचा फटका आजच्या वाचकाला शेक्सपिअरमध्ये बसतो. 'रोमिओ अँड ज्यूलिएट'च्या पाचव्या अंकात ज्यूलिएटच्या बनावट मृत्यूची खबर देणारे पत्र रोमिओपर्यंत पोहोचलेच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स ते पत्र 'नाइस' नव्हते असे म्हणतो. पत्रातील मजकूर सुखद नव्हता, असे येथे त्याला सांगायचे नाही. ते पत्र क्षुल्लक नव्हते, त्यावर जीवनमरण अवलंबून होते, असे तो सांगत आहे. 'ज्युलिअस सीझर'च्या चौथ्या अंकात ब्रूटसशी भांडताना कॅशिअस याच अर्थाने शब्द वापरतो : बारीकसारीक अपराधांची चिकित्सा करण्याची ही वेळ नव्हे, असे त्याचे म्हणणे आहे. आजचा अर्थ तेथे लावला तर दोन्ही वाक्ये हास्यास्पद होतात.

डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात या शब्दाभोवती मुख्यतः काटेकोरपणाच्या, नाजूकपणाच्या व चोखंदळपणाच्या छटा आहेत. 'सुखद', 'आवडेल असा' हा अर्थ प्रचारात येतो तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. संक्रमणाची दिशा समजण्यासारखी आहे. जो निवड काटेकोरपणे करतो तो 'नाइस'. त्याने निवडलेली वस्तूही 'नाइस'. आणि निवडलेली वस्तू चांगली असणारच, म्हणून चांगली ती 'नाइस'. विशेषण पारख करणाऱ्याकडून पारखलेल्या वस्तूकडे सरकले आणि सरकताना पारख मागे राहिली. जुना अर्थ आज काही ठरीव प्रयोगांत तेवढा टिकून आहे. कायद्यातील एखादा सूक्ष्म मुद्दा किंवा दोन संकल्पनांमधील बारीक भेद यांना इंग्रजीत अजूनही हे विशेषण लागते.

अर्थ असे उलटणे ही केवळ इंग्रजीची खोड नाही. अशोकाने अभिमानाने मिरवलेली 'देवानांप्रिय' ही पदवी पुढे संस्कृतात मूर्खाची निदर्शक झाली. धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यांना लावला जाणारा 'साहस' हा शब्द मराठीत गौरवाचा ठरला. जुन्या मराठीत 'बरवे' म्हणजे सुंदर, उत्तम. त्याच कुळातला 'बरा' आज इतका उतरला आहे की नाटक 'बरे' आहे असे म्हणणे हा नाटककाराचा जवळजवळ अपमान होय. म्हणून मूळ अर्थाचा दाखला देऊन आजचा अर्थ खोटा ठरवणे सयुक्तिक नाही. 'नाइस'च्या बाबतीत तर हा मार्ग अधिकच धोक्याचा आहे, कारण अगदी मुळापर्यंत गेल्यास हाती काटेकोरपणा लागत नाही, अज्ञान लागते.

३

'नॉर्दँगर अ‍ॅबी'चे लेखन मुख्यतः १७९८-९९ मध्ये झाले. हस्तलिखित १८०३ साली एका प्रकाशकाला विकले गेले, परंतु त्याने ते छापले नाही. १८१६ मध्ये ते परत मिळवण्यात आले आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात, 'पर्सुएजन'सह चार खंडांच्या एका संचात ते प्रसिद्ध झाले. म्हणजे 'नाइस'चा नवा अर्थ रूढ होऊन काही दशकेच लोटली होती आणि जुना अर्थ अद्याप जिवंत होता. याच संचातील 'पर्सुएजन'मध्ये मिस्टर एलियट अ‍ॅनला सांगतो की उच्चभ्रू संगतीला शिक्षणाच्या बाबतीत फारसा चोखंदळपणा नसतो. तेथे चोखंदळ या अर्थी 'नाइस' हाच शब्द आहे. शब्दाच्या आयुष्यातील दोन अवस्था एकाच संचात सापडतात.

प्रस्तुत संवाद चौदाव्या प्रकरणात आहे. सतरा वर्षांची कॅथरिन मोरलंड बाथजवळच्या बीचन क्लिफवर हेन्री टिलनी आणि त्याची बहीण एलिनोर यांच्याबरोबर फिरायला निघाली आहे. अ‍ॅन रॅडक्लिफची १७९४ सालची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' ही भयकादंबरी तिने नुकतीच वाचली आहे आणि ती तिच्या डोक्यात घोळते आहे. ती हेन्रीला विचारते की जगातले सगळ्यांत 'नाइस' पुस्तक हेच नव्हे काय? हेन्री शब्द पकडतो. तिला नीटनेटके म्हणायचे असावे असे धरून ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून आहे, असा टोला तो हाणतो. एलिनोर त्याला दटावते आणि कॅथरिनला सावध करते, की शब्द ताबडतोब बदल, नाहीतर उरलेली वाट जॉन्सन आणि ब्लेअर ऐकत काढावी लागेल. ह्यू ब्लेअर याची वक्तृत्व व साहित्य यांवरील व्याख्याने १७८३ साली प्रसिद्ध झाली होती आणि शैलीतील नेमकेपणा हा त्यांतील एक प्रमुख आग्रह होता. कॅथरिन गोंधळून म्हणते की आपल्याला काही चुकीचे म्हणायचे नव्हते; पण पुस्तक 'नाइस' आहेच, मग तसे का म्हणू नये? त्यावर हेन्री आजची हवा, हे फिरणे, या दोघी तरुणी या सर्वांना तेच विशेषण लावून त्याची सर्वव्यापकता हास्यास्पद करतो आणि पूर्वी हा शब्द नेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, सुसंस्कृतता यांपुरता होता, असे सांगतो. 'कदाचित' असा एक सावध शब्दही तो त्यात घालतो.

बहुतेक अवतरणकार येथे थांबतात. परंतु ऑस्टेन येथे थांबत नाही. शेवटचा शब्द एलिनोरचा आहे. ती म्हणते की हे विशेषण खरे तर हेन्रीलाच लावायला हवे, आणि तेही स्तुती म्हणून नव्हे. शहाणपणापेक्षा त्याच्यात 'नाइस'पणाच अधिक आहे. म्हणजे हेन्रीने ज्या जुन्या अर्थाची बाजू घेतली त्याच अर्थाने, चिकित्सेचा अतिरेक करणारा या अर्थाने, एलिनोर तो शब्द त्याच्यावर उलटवते. शब्दाचे अचूक ज्ञान येथे हेन्रीइतकेच तिलाही आहे. शब्द बिघडवण्याचा दोष स्त्रियांवर ठेवणाऱ्या फाउलरला हे वाक्य आठवले असते तर बरे झाले असते.

४

या संवादात हेन्रीचे म्हणणे चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. त्याच प्रकरणात, थोड्याच अंतरावर, त्याच्या बाजूचा भक्कम पुरावा लेखिकेने ठेवला आहे. लंडनमध्ये लवकरच काहीतरी भयंकर बाहेर पडणार आहे, त्यात खूनबिन सारे काही असेल, असे कॅथरिन म्हणते. एलिनोर घाबरते, तिच्या डोळ्यांपुढे दंगल उभी राहते. कॅथरिनच्या मनात येऊ घातलेली एक नवी कादंबरी असते. विशेषणे सैल सुटली की शेजारी चालणाऱ्या माणसालाही ती दिशाभूल करू शकतात, हे ऑस्टेनला दाखवायचे आहे यात शंका नाही. इझाबेला थॉर्पच्या तोंडची अतिशयोक्त विशेषणे तर कादंबरीभर खोट्या नाण्यांसारखी खुळखुळत राहतात. तिच्या भाषेत प्रत्येक मैत्रीण सर्वाधिक गोड असते आणि प्रत्येक भावना असह्य असते. तिच्या वागण्याशी मात्र त्या भाषेचा काहीएक संबंध नसतो.

परंतु कॅथरिनच्या 'नाइस'ला याच पंक्तीत बसवता येत नाही. त्यासाठी शब्दाच्या रोजच्या वापराकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. हा शब्द सर्व गोष्टींना लागतो हे विधानच मुळात खरे नाही. समुद्रातील वादळाला कोणी 'नाइस' म्हणत नाही. 'किंग लिअर'चा प्रयोग पाहून बाहेर पडणाऱ्याने नाटकाला हे विशेषण लावले तर ऐकणाऱ्याला हसू येईल किंवा बोलणाऱ्याविषयी शंका वाटेल. नटाच्या आवाजाला ते लागेल, नाट्यगृहातील खुर्च्यांना लागेल, लिअरच्या दुःखाला लागणार नाही. याचा अर्थ असा की या शब्दाला स्वतःची कक्षा आहे. त्या कक्षेत जे येते ते मध्यम आकाराचे, हाताशी असलेले, धोका नसलेले असते. चहा 'नाइस' आणि गरम असतो तेव्हा तो हवा तेवढा गरम असतो. जीभ पोळणारा नसतो. माणूस 'नाइस' असतो तेव्हा त्याच्याबरोबर एक तास निर्धास्तपणे घालवता येईल असे अभिप्रेत असते. त्याच्यासाठी प्राण द्यावेत असे नव्हे. अर्थ विरळ झाला आहे हे खरे, परंतु तो नाहीसा झालेला नाही. वस्तूचे गुण हा शब्द सांगत नाही. वस्तू आणि बोलणारा यांच्यामधले अंतर तो सांगतो आणि ते अंतर सुखरूप असल्याची ग्वाही देतो.

आता कॅथरिनच्या वाक्याकडे परत यावे. तिने 'नाइस' म्हटले आहे ते एका भयकादंबरीला. काळे पडदे, ओसाड किल्ला, बंदिस्त नायिका, मध्यरात्रीचे आवाज हे सारे आणि 'नाइस'! हेन्रीने हसायचेच तर या विसंगतीला हसायला हवे होते; पुस्तकाच्या बांधणीकडे वळण्याची आवश्यकता नव्हती. पण ही विसंगतीच कॅथरिनच्या आस्वादाचे नेमके वर्णन आहे. उडोल्फोतले भय तिला सुखद वाटते, कारण ते पुस्तकात आहे आणि ती उबदार खोलीत बसली आहे. सौंदर्यशास्त्र ज्या अंतराची चर्चा अवजड परिभाषेत करते ते या सतरा वर्षांच्या मुलीच्या ओबडधोबड विशेषणात येऊन बसले आहे. हेन्रीनेही ही कादंबरी दोन दिवसांत, अंगावर काटा येत असताना वाचून संपवल्याचे याच फेरफटक्यात कबूल केले आहे. म्हणजे निर्णयाविषयी दोघांत मतभेद नाही. हेन्रीला आनंद मान्य आहे, फक्त त्याचे नाव मान्य नाही. आणि त्या नावाऐवजी त्याने दुसरे नाव सुचवलेले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पुढची कादंबरी या दृष्टीने वाचली तर तिची रचना अधिक स्पष्ट होते. टिलनींच्या घरी, नॉर्दँगर येथे, राहायला गेल्यावर कॅथरिन हे सुखरूप अंतर गमावते. जुन्या कपाटातील कागदांत तिला रहस्य दिसते. ते निघतात धुलाईचे हिशेब. हेन्रीचे वडील जनरल टिलनी यांनी पत्नीचा खून केला असावा किंवा तिला कोंडून ठेवले असावे, असे तिला वाटू लागते. कल्पितातील भय जोवर 'नाइस' होते तोवर तिचा विवेक शाबूत होता. ते वास्तवावर लादले तेव्हा तो सुटला. म्हणजे शब्दाला जे ठाऊक होते तेच ती विसरली. हेन्री तिची चूक तिच्या पदरात घालतो आणि ती लाजेने खचते.

येथवर कादंबरी हेन्रीच्या विवेकाची कादंबरी वाटते. पण लेखिका आणखी एक वळण घेते. जनरल टिलनी हा या कादंबरीतला, जुन्या अर्थाने, सर्वांत 'नाइस' माणूस आहे. त्याचा वक्तशीरपणा घरादाराला धाकात ठेवतो. न्याहारीची भांडी, बाग, काचगृहात पिकवलेले अननस, स्वयंपाकघरातील नव्या सोयी यांविषयी तो कमालीचा चोखंदळ आहे आणि त्या चोखंदळपणाचे कौतुक पाहुणीकडून वसूल करणाराही. कॅथरिनशी तो अदबीने वागतो. तो 'आवडावा' असा माणूस आहे अशी ती स्वतःची समजूत घालते, आणि तरी त्याच्या सहवासात मुलांची तोंडे मिटतात हे तिच्या नजरेतून सुटत नाही. तिला अस्वस्थ वाटते, पण त्या अस्वस्थतेला विशेषण सापडत नाही. आपण समजलो तेवढी ही मुलगी श्रीमंत नाही हे कळताच हा सुसंस्कृत गृहस्थ तिला भल्या सकाळी, सोबत न देता, ७० मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. जनरलवर खुनाचा संशय घेऊन कॅथरिनने त्याच्यावर फारसा अन्याय केला नव्हता, असे निवेदक अखेरीस सूचित करतो.

'नाइस'चे दोन्ही अर्थ जनरलपाशी एकत्र येतात आणि दोन्ही अपुरे पडतात. काटेकोर पारख हा जुना अर्थ त्याच्या क्रौर्याला आडकाठी करीत नाही. सुखदपणा हा नवा अर्थ त्यावर पांघरूण घालतो. शब्दांचा पारखी हेन्री स्वतःच्या वडिलांविषयी कॅथरिनपेक्षा अधिक जाणत असूनही तिच्या अस्पष्ट अस्वस्थतेतले सत्य तो मान्य करू शकला नव्हता. नेमका शब्द वापरण्याची सवय आणि नेमके पाहण्याची शक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ऑस्टेनने कोणताही उपदेश न करता कथानकातून दाखवले आहे. हेन्रीचे शहाणपण सिद्ध होते ते शब्दांवरून नव्हे. वडिलांची आज्ञा मोडून तो कॅथरिनच्या दारात उभा राहतो तेव्हा ते सिद्ध होते. त्या वेळी विशेषणांची चर्चा होत नाही.

५

विसाव्या शतकातील तत्त्वज्ञांनी या प्रश्नाकडे दोन दिशांनी पाहिले आहे. लुडविग विट्गेन्श्टाइन याने १९३८ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांची विद्यार्थ्यांनी घेतलेली टिपणे १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या मते मूल असे शब्द प्रथम उद्गार म्हणून शिकते. चेहऱ्यावरचा भाव आणि हातवारे यांची जागा ते घेतात. जाणकाराच्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र 'सुंदर', 'मोहक' अशा विशेषणांना जवळजवळ स्थानच नसते. शिंप्याकडे गेलेला जाणकार कोटाला सुंदर म्हणत नाही. लांबी बरोबर आहे की नाही ते सांगतो. ऑक्सफर्डचा जे. एल. ऑस्टिन यानेही, सुंदराचा घोळ काही काळ बाजूला ठेवून चिमुकले, ठेंगणेठुसके अशा साध्या शब्दांकडे सौंदर्यशास्त्राने वळावे, असे सुचवले होते. १९६० मध्ये तो वारला आणि १९६२ मध्ये त्याची जी व्याख्याने ग्रंथरूपाने आली त्यांच्या शीर्षकात जेन ऑस्टेनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर उघड श्लेष आहे, हा योगायोग नव्हे.

त्याच व्याख्यानांत ऑस्टिनने मांडलेला एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. 'खरा' अशासारख्या शब्दाच्या बाबतीत सत्ता त्याच्या नकाराच्या हाती असते. खरे बदक म्हणजे काय हे समजायचे तर ते कोणत्या प्रकारे खोटे असू शकले असते हे ठाऊक हवे. 'नाइस'ची परीक्षा अशी नकारातून केली तर त्याचा पोकळपणा आणखी कमी होतो. होकारार्थी वापरात तो हलका असतो. 'हे काही नाइस झाले नाही' असे इंग्रज माणूस म्हणतो तेव्हा बोल सौम्य असूनही तो जिव्हारी लागतो. दुसऱ्या मुलाचा खेळ हिसकावणाऱ्या मुलाला आई हेच सांगते. सौजन्याची मर्यादा कोठे संपली ते या नकाराने कळते. उपरोधातही असेच घडते. घोटाळा करून ठेवणाऱ्याच्या कामाला 'नाइस' म्हटले जाते तेव्हा काकूने, म्हणजे स्वराच्या हेलाव्याने, अर्थ उलटतो. संस्कृत साहित्यशास्त्राने काकूला व्यंजनेच्या साधनांत स्थान दिले आहे. ज्या शब्दात मूळचे काही नाही तो उलटला तरी काही निष्पन्न होणार नाही. 'नाइस' उलटतो, म्हणजे उलटण्यासारखे काही त्यात आहे.

६

मराठीत या विशेषणाला पर्याय शोधू गेल्यास त्याचे दोन तुकडे करावे लागतात. जुन्या अर्थासाठी 'चोखंदळ' हा सुरेख शब्द उपलब्ध आहे. नव्यासाठी 'छान' आहे. एलिनोरचा टोला मात्र अनुवादात टिकणे कठीण, कारण 'चोखंदळ' आणि 'छान' एकमेकांचे कोणी लागत नाहीत. दुसरीकडे शहरी मराठी संभाषणात 'नाइस' हा शब्द आता जसाच्या तसा रुळला आहे, तो केवळ नव्या अर्थाने. त्याच्या पाठीमागे असलेला चार-पाच शतकांचा गोंधळ मराठीत आलेला नाही.

परंतु मराठी समीक्षेच्या दृष्टीने खरा प्रश्न 'छान'चा नाही. 'छान' या शब्दाला गंभीर समीक्षेत प्रवेश नाही आणि त्याविषयी कोणाची तक्रारही नाही. प्रश्न आहे तो त्याच्या जागी आलेल्या शब्दांचा. 'सकस', 'दर्जेदार', 'प्रत्ययकारी', 'कसदार', 'अनुभवसमृद्ध', 'आशयगर्भ' ही विशेषणे कादंबरीला, कवितासंग्रहाला, आत्मचरित्राला सारख्याच सहजतेने लागतात. ती कोणत्या पुस्तकाला लागणार नाहीत हे सांगणे कठीण आहे. आणि वर पाहिल्याप्रमाणे 'नाइस'च्या बाबतीत ते सांगता येते. हेन्रीने कॅथरिनवर घेतलेला आक्षेप म्हणून या प्रतिष्ठित विशेषणांना अधिक लागू पडतो. ती उच्चारणाऱ्याला पारख केल्याचा भास होतो, ऐकणाऱ्याला ती झाल्याचा. जनरल टिलनीच्या न्याहारीच्या भांड्यांसारखी ती नेटकी असतात. त्यांच्यामागे विचार आहे की नाही हे भांड्यांवरून समजत नाही.

येथे आणखी एक भेद केला पाहिजे. मर्ढेकरांनी 'लय' किंवा रा. भा. पाटणकरांनी 'लौकिकता' आणि 'अलौकिकता' यांसारख्या संज्ञा वापरल्या तेव्हा त्या संज्ञांना त्यांनी युक्तिवादाचा आधार दिला. वाचकाला तो तपासता आला, नाकारताही आला. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'चे (१९७४) बळ तिच्या परिभाषेत नाही, त्या परिभाषेमागील प्रश्नोत्तरांत आहे. परिभाषा युक्तिवादापासून सुटली आणि स्तुतीच्या वाक्यात एकटीच फिरू लागली की तिची झीज सुरू होते. 'नाइस'ही असाच पारखीपासून सुटून भटकू लागलेला शब्द आहे. फरक इतकाच की त्याने प्रतिष्ठेचा दावा सोडून दिला.

म्हणून झिजलेल्या विशेषणावर बंदी घालून समीक्षा नेमकी होईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. बंदीमुळे विद्यार्थी 'नाइस' खोडून कोशातले एक भारदस्त विशेषण त्या जागी घालतो आणि पुस्तकाविषयी पूर्वीइतकेच थोडे सांगतो. अशा वेळी शिक्षकाने किंवा समीक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पुस्तक छान वाटले, ठीक; मग त्यातले काय छान वाटले, आणि जे भयंकर होते तेही छान का वाटले? हेन्रीने कॅथरिनला हा प्रश्न विचारला असता तर कदाचित नॉर्दँगरच्या त्या कपाटापाशी तिला आपले उत्तर आठवले असते.

कॅथरिनचा प्रश्न तर कादंबरीत अनुत्तरितच राहिला आहे. पुस्तक 'नाइस' आहे, मग तसे का म्हणू नये, असे तिने विचारले आणि तिला थट्टेखेरीज काही मिळाले नाही. त्याच प्रकरणात निवेदक उपरोधाने सांगतो की ज्यांना दुसऱ्याचे मन जिंकायचे आहे त्यांनी नेहमी अज्ञ असावे. कॅथरिन अज्ञ आहे, आणि ते ती लपवीत नाही. तिच्या तोंडच्या शब्दाचे मूळही अज्ञानातच आहे. ऑस्टेनला ती व्युत्पत्ती ठाऊक असो वा नसो. आपल्याला पुस्तक आवडले, का ते अजून सांगता येत नाही, एवढेच त्या शब्दात आहे. समीक्षेला तेथून पुष्कळ दूर जायचे असते. पण ती निघते मात्र तेथूनच.